पाच लाखांच्या आधी पाच बाजार

वाचकाचं पत्र, थोडक्यात : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावातून हे पत्र आलंय. लिहिणाऱ्यांचं वय ५९. बेळगावजवळच्या मच्छेच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले, आता गावच्या युवक मंडळाचे अध्यक्ष आहेत. गणेशोत्सवानंतर मंडळाकडे १ लाख ८० हजार रुपये शिल्लक राहिलेत. ते सभामंडपाच्या फरशीला लावायचे की गावातल्या तीन बेकार पोरांना धंद्यासाठी द्यायचे, यावरून गावात दोन तट पडलेत. तिघांपैकी एक आयटीआय फिटर, एक बी.कॉम., एक बारावी. त्यांना बेळगावात गाळा हवाय. अनामत मंडळाने भरावी, वर पाच लाखांचं कर्ज आम्ही काढतो, असं ते म्हणतात. अध्यक्षांना वाटतं, पोरांनी आधी आठवडी बाजारात बसावं. पण गाव हसतं : ‘बी.कॉम. करून पाटी घेऊन बसणार काय?’ शिवाय पोरांना कन्नड येत नाही. तीन वर्षांपूर्वी अध्यक्षांनी स्वतःच्या पुतण्याला ६० हजार देऊन मोबाईलच्या कव्हर-चार्जरचा गाळा घालून दिला होता. आठ महिन्यांत तो बंद पडला. पुतण्या गोव्याला हॉटेलात कामाला गेला, तेव्हापासून बोलणं नाही. उरलेला माल दोन खोक्यांत माळ्यावर पडून आहे. पत्राच्या शेवटी एक ओळ : ‘गावातली एक मुलगीही विचारत होती, पण तिला बाजारात कुठं बसवणार?’ प्रश्न असा, की पैसे द्यावेत का आणि द्यायचे तर कसे?

नमस्कार भाऊ,

पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोक्यात हिशेबच राहिला. एक लाख ऐंशी हजार भागिले तीन. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की भागिले चार हवं होतं. त्या चौथीकडे नंतर येते.

फरशीचं आधी उरकून टाकते. फरशी वर्षभर थांबली तर देव रागावणार नाही, पण वर्गणी देणारे रागावतील. त्यांनी पैसे उत्सवासाठी दिलेत, हे विसरून चालणार नाही. म्हणून सभा बोलवा, ठराव लिहा, विरोध करणाऱ्यांच्याही सह्या घ्या. आणि सगळे पैसे काढू नका. साठ हजार बाजूला काढा, बाकीचे फरशीसाठी बँकेत राहू देत. एवढ्यात कसं भागेल म्हणाल. भागतं, आणि का ते सांगण्यासाठीच एवढं लांबलचक लिहितेय.

तुमच्या पत्रात, पोरांच्या बोलण्यात आणि हसणाऱ्या गावाच्याही मनात एक गोष्ट ठरूनच गेलीय : पोरांकडे भांडवल नाही म्हणून धंदा नाही. मी बेळगावच्या रविवार पेठेत एका घाऊक किराणा दुकानात अकरा वर्षं खतावणी लिहिली. खेड्यापाड्यांतले छोटे दुकानदार आमच्याकडून माल न्यायचे. कोण वर आला आणि कोण बुडाला, ते मला माणसाच्या चेहऱ्याआधी वहीत दिसायचं. भांडवल कमी पडलं म्हणून बुडालेले मला फार थोडे आठवतात. हात बसायच्या आधी भांडवल हातात आलं म्हणून बुडालेले मात्र पुष्कळ. पन्नास हजारांचा माल उचलायचा, फळ्या गच्च भरायच्या, उद्घाटनाला पेढे वाटायचे, आणि तिसऱ्या महिन्यात वहीत नावापुढे नुसती येणे बाकी वाढत जायची.

गाळ्याचा आणखी एक स्वभाव असतो. गिऱ्हाईक येवो न येवो, भाडं रोज चढतं. बाजारात तुम्ही बसाल त्याच दिवशी जागेची पावती फाटते. पाऊस लागला, घरात कोण आजारी पडलं, तर नाही गेलं म्हणून काही बिघडत नाही. शिकणाऱ्याला हे फार सोयीचं आहे. चुकायची किंमत एका दिवसापुरती राहते.

ती चूक कशी दिसते, ते एकदा जवळून बघा. समजा, तुमच्या बी.कॉम. पोराने रताळी घेतली. आपल्याकडची रताळी ट्रक भरभरून परप्रांतात जातात, तेव्हा माल मिळायला अडचण नाही. चाळीस किलो, पंचवीस रुपयांनी, हजार रुपये. चाळीसनं विकायची, म्हणजे किलोमागे पंधरा सुटले, चाळीस किलोचे सहाशे. वही मिटली, पोरगा खूश.

आता बाजार सुरू होऊ दे. चाळीसच्या भावानं बावीस किलो गेली : आठशे ऐंशी. दुपारनंतर शेजारणीनं तीस केला, म्हणून यानंही केला. दहा किलो, तीनशे. दिवेलागणीला चार किलो वीसनं फुंकली, ऐंशी. दोन किलो मोडकी, तुटकी, कुदळ लागलेली, कोणी हात लावेना. राहिली दोन किलो. ती कुठं गेली? ती झुकत्या मापात गेली. ‘घाल की रे आणि एक’ म्हणणाऱ्या प्रत्येक मावशीच्या पिशवीत थोडी थोडी गेली. एकूण बाराशे साठ आले. त्यातून मालाचे हजार वजा, टेम्पोचा वाटा शंभर, पावती वीस, पिशव्या वीस, चहा-नाश्ता पन्नास. हातात राहिले सत्तर.

पहाटे पाचला उठून रात्री सातपर्यंत सत्तर रुपये! ही त्याची फजिती मुळीच नाही, ही त्याची पहिली यत्ता. पुढच्या वेळी तो रताळी निवडून घेईल. मोठी वेगळी मांडील, बारकी वेगळी. तुटक्यांचा सकाळीच स्वस्तात वाटा लावील. एकादशी आणि महाशिवरात्र कधी ते कॅलेंडरात बघून माल उचलील, कारण उपवासाच्या आदल्या दिवशी रताळ्याला कोणी भाव विचारत नाही. हे सगळं तुम्ही-मी त्याला घरात बसवून सांगितलं असतं, तर तो हो हो म्हणाला असता आणि विसरला असता. सत्तर रुपये तो विसरणार नाही. आणि हीच यत्ता पाच लाखांच्या गाळ्यात केली, तर फी किती पडते ते तुमच्या पुतण्याला विचारा.

मी स्वतः एकोणीस वर्षांची असताना दिवाळीच्या बाजारात पणत्या घेऊन बसले होते. सहाशे पणत्या, उधारीवर. उत्साहात सगळ्या पोत्यावर मांडल्या. लोक यायचे, ढीग उपसायचे, ही वाकडी, ती तडकलेली म्हणत पन्नास उचलून बघायचे आणि सहा घ्यायचे. दुपारपर्यंत चाळीसेक नुसत्या हाताळून फुटल्या. शेजारी केरसुण्या घेऊन बसलेली म्हातारी बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, “पोरी, सगळा माल कशाला मांडून बसलीस? धा मांड. बाकीच्या पोत्यात ऱ्हाऊ देत. आणि एकीत तेल घालून पेटव की!” पेटवली. संध्याकाळी माझ्यासमोर माणसं थांबायला लागली. (भाजीला हा नियम उलटा आहे बरं का. भाजीचा ढीग भरलेला दिसलाच पाहिजे, अर्ध्या पाटीतली वांगी कोणी घेत नाही.) त्या म्हातारीनं मला जे दिलं, ते कुठल्या मंडळाच्या निधीतून आलं नसतं. पोरांना पैसे द्यायच्या आधी अशी शेजारीण मिळवून द्या, एवढंच माझं मुख्य म्हणणं आहे.

म्हणजे करायचं काय? दसरा होऊ दे. पावसाळ्यात आपल्या पश्चिम भागातले बाजार अर्धे ओस असतात, तेव्हा नवख्यानं बसून नुसती निराशा पदरी यायची. दसऱ्यानंतर दिवाळी, मग सुगी, मग लग्नसराई आणि गावोगावच्या यात्रा. सहा महिने शिकायला मिळतात. आधी पोरांना एक आठवडा नुसतं फिरायला पाठवा. आपल्या भागात जवळपास रोज कुठल्या ना कुठल्या गावचा बाजार असतो. कुठं किती वाजता गर्दी होते, कुठली एसटी आली की लोंढा येतो, दुपारी चारला कोणाच्या पाटीत काय उरलेलं असतं, हे त्यांनी वहीत लिहून आणायचं. माल घ्यायचा नाही, सल्ला द्यायचा नाही. ज्याची वही कोरी येईल, त्याला बाजाराची आवड नाही एवढं फुकटात कळेल.

मग प्रत्येकाला एकेका जुन्या विक्रेत्याजवळ पाच बाजार बसवा. त्याचा काटा धरायचा, पोती उचलायची, सुट्टे आणून द्यायचे. सोबत कोपऱ्यात स्वतःचा दोन-तीन हजारांचाच माल मांडायचा. काय विकायचं ते त्यांचं त्यांना शोधू दे. पण दोन गोष्टी बजावून ठेवा. जुन्या विक्रेत्याचा माल तोच आपला माल, असं करायचं नाही. ज्यानं काटा धरायला दिला, त्याच्याच पोटावर पाय येतो. आणि पहिला बाजार आपल्या गावचा नको. आपल्या गावात भाऊबंद उधार मागतात, आत्या फुकट मागते, आणि मित्र समोर उभे राहून फोटो काढतात. शेजारच्या गावात जा.

जागेबद्दल इथंच सांगते, कारण गडबड होते ती इथंच. बाजारात रिकामी दिसणारी जागा रिकामी नसते. तिथं कोणाची तरी सासू बसायची, आता सून बसते, आज ती लग्नाला गेलीय एवढंच. तरुण पोरं मंडळाचा बॅनर घेऊन येतात, टेबल टाकतात, आणि तीस वर्षं चिंचेखाली बसणारी बाई उन्हात सरकते. असं होऊ देऊ नका. तुम्ही स्वतः आधी जा. पावती फाडणाऱ्या ठेकेदाराशी बोला, पंचायतीत सांगा, आणि दोन्ही बाजूंच्या विक्रेत्यांना विचारा. टोकाची जागा मिळाली तर टोकाची घ्या. पावती रोजची रोज मागून जपून ठेवायची. पुढं शहरात किंवा नगरपंचायतीच्या हद्दीत बसायची वेळ आली, तर पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा आहे. त्यात सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र आणि नगर विक्रेता समिती आहे, आणि त्या समितीत चाळीस टक्के सभासद खुद्द विक्रेते असावे लागतात. पण तिथं आपण किती दिवस बसतोय, याचा कागद हातात लागतो.

आणि कृपा करून उद्घाटन करू नका. फीत नको, पाहुणे नकोत, ‘युवा उद्योजक दालन’ अशी कमान तर नकोच नको. ज्या पोराचा पहिल्या दिवशी हार घालून फोटो निघतो, त्याला दुसऱ्या बाजारात वीस रुपयांसाठी घासाघीस करायला लाज वाटते.

आता लाजेचं. बी.कॉम. करून पाटी, यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून समजलेलं नाही. हसणारे स्वतः त्याच बाजारातून पिशवी भरून आणतात. पण मुलांची लाज खरी आहे, ती व्याख्यानानं जात नाही. त्यांना असं सांगून बघा, की नोकरी सोडून बसा असं कोण म्हणतंय? आठवड्याला एक दिवस बाजार, बाकीचे दिवस फिटरने उद्यमबागेतल्या कारखान्यांत काम शोधावं, मिळालं तर करावं. बेळगावात धंद्याचं भाषण झालं की किर्लोस्करांचं नाव निघतंच : १८८८, सायकलचं दुकान, त्यावरून किर्लोस्कर रोड. पण त्यातली कामाची गोष्ट भाषणात गळते. लक्ष्मणराव मुंबईत नोकरी करत होते, तिथून सायकली पाठवायचे आणि इथं बेळगावात त्यांचे थोरले भाऊ त्या विकायचे. एक पाय पगारात ठेवूनच सुरुवात झाली होती.

कन्नडचा मुद्दा मी टाळणार नाही, कारण पत्रात तुम्ही तो दोनदा लिहिलाय. आपल्या भागात भाषा म्हटलं की पाठीमागे सीमावादाचं सत्तर वर्षांचं ओझं येतं, ते मीही उचललेलं आहे. पण बाजारातल्या त्या केरसुणीवालीकडे बघा. समोरच्या बाईचं “एष्ट री?” (केवढ्याला?) ऐकल्याबरोबर ती “ऐवत्त री” (पन्नास) म्हणते, पुढच्याशी मराठी, त्याच्या पुढच्याशी हिंदी, आणि तिचं कुणाशी काही बिनसत नाही. पोरांना अख्खी भाषा शिकायची नाही, वीस-पंचवीस शब्द शिकायचेत. दहा, वीस, पन्नास, शंभर, अर्धा किलो, ताजा, उद्या, सुट्टे नाहीत. ‘कडिमी माडरी’ म्हणजे भाव कमी करा, एवढं कळलं तरी हसता येतं. पाच बाजारांत होऊन जातं. ‘इथं आपलं कोण ऐकणार’ हे वाक्य सरकारी कचेरीपुरतं खरं असेलही. रताळ्याच्या ढिगापुढं मात्र भाव परवडला की सगळे ऐकतात. पुढं गाळा झालाच, तर पाटीवर साठ टक्के कन्नड असावं असा राज्याचा नियम आहे. तो पाळून पाटी लिहून घ्यावी आणि दंडाचे पैसे मालात घालावेत.

विलायतेत लीड्स नावाच्या शहरात १८८४ साली मायकेल मार्क्स नावाचा एक परमुलखातून आलेला माणूस बाजारात फळी टाकून बसला. इंग्रजी जेमतेम. म्हणून त्यानं पाटी लावली : किंमत विचारू नका, सगळं एका पेनीला. आपल्याकडं गाडीवर ‘हर माल दहा रुपये’ असतं ना, तेच. मार्क्स अँड स्पेन्सर नावाची तिकडची मोठी दुकानं निघाली ती याच फळीतून. भाषा अडली की पाटी बोलते, पोरांना हे सांगायला हरकत नाही.

आता चौथी. ‘गावातली एक मुलगीही विचारत होती’ असं तुम्ही जाता जाता लिहिलंत. तीन पोरांसाठी तुम्ही अख्खं पत्र लिहिलंत, आणि जी स्वतःहून विचारायला आली तिच्यासाठी एक ओळ! भाऊ, बाजारात बायकांना कुठं बसवायचं हा प्रश्न कोणत्या बाजाराबद्दल विचारताय? आपल्या बाजारात अर्ध्याहून अधिक बायकाच बसलेल्या असतात. पोरांना काटा धरायला आपण ज्यांच्याजवळ बसवणार, त्यातल्या बऱ्याच जणी त्याच.

तिची खरी अडचण वेगळी आहे, आणि ती मंडळ सोडवू शकतं. बाजारात बायकांना लघवीला जायला जागा नसते. सकाळपासून पाणी न पिता बसणाऱ्या बायका मी पाहिल्यात. बाजाराजवळचं एखादं घर, देवळाची धर्मशाळा, शाळा, कुणाशी तरी बोलून ठेवा. दुसरी अडचण अंधार पडल्यावर परत येण्याची. म्हणून तिला एकटीला नको, जोडीला मैत्रीण किंवा चुलती असू दे. जाण्यायेण्याचा खर्च तिला जवळपास नाही. २०२३ च्या जूनपासून राज्यातल्या साध्या सरकारी बसला बायकांना तिकीट पडत नाही. पोत्याचं लगेज तेवढं द्यायचं, आणि महाराष्ट्रात चंदगडकडं हद्द ओलांडली की ही सवलत धरून चालायचं नाही. म्हणजे त्या सत्तर रुपयांच्या हिशेबात टेम्पोचे शंभर तिचे वाचू शकतात. पहिल्याच बाजाराला ती पोरांच्या पुढं!

तर ते साठ हजार. रोख वाटू नका. त्यातून आधी मंडळाच्या मालकीच्या वस्तू घ्या : ताडपत्र्या, दोन मोठ्या छत्र्या, घडीची टेबलं, चांगले काटे. काट्यावर वजनमाप खात्याचा शिक्का हवा आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते. नवखे यातच सापडतात. या वस्तू पोरं बाजाराच्या दिवशी न्यायची आणि परत आणून ठेवायची. उरलेल्यातून पहिल्या मालाला प्रत्येकी तीन हजार. दहा बाजारांत फेडले की सहा हजार, तेही फिरले की बारा. व्याज नको, वही हवी. बुडालं तर पहिल्या खेपेची निम्मी बुडीत मंडळानं सोसावी, हे आधीच जाहीर करा. नाहीतर पोरगं तोटा लपवतं, आणि लपवलेला तोटाच माणसाला गाव सोडायला लावतो.

सरकारचीही हीच रीत आहे. पंतप्रधान स्वनिधी योजनेत फेरीवाल्याला आधी छोटं कर्ज, ते फेडलं की मोठं, असं चढत पन्नास हजारांपर्यंत नेतात. आधी पहिली पायरी दहा हजारांची होती, २०२५ मध्ये ती पंधरा हजारांची केली. पण ती मुख्यतः शहर-नगरपंचायतीच्या हद्दीत विकणाऱ्यांसाठी, विक्रेता असल्याचा कागद लागतो. मुद्रा कर्जाचं पहिल्या वर्षी नावही काढू नका. गावात दर आठवड्याला हप्ता गोळा करायला येणाऱ्या कर्जवाल्यांच्या तर जवळ जाऊ नका. वसुलीच्या जाचापायी २०२५ मध्ये राज्याला वटहुकूम काढावा लागला, यावरून काय ते समजा. आणि आईच्या खात्यात येणाऱ्या सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेच्या दोन हजारांवर कुणाचा डोळा नको. घरातलं मीठमिरचीचं भांडवल ते.

रोजची शिल्लक घरात ठेवली की मोडते. त्यासाठी पिग्मी, म्हणजे रोज थोडी थोडी रक्कम भरायची ठेव, बरी. पिग्मी आपल्या कर्नाटकातलीच, १९२८ मध्ये सिंडिकेट बँकेनं दोन आण्यांपासून सुरू केलेली. दारात येऊन पैसे नेणारा एजंट म्हणजे शिस्तीला चौकीदार. फक्त संस्था जुनी आणि हिशेब उघडा ठेवणारी बघा. जास्त व्याजाच्या नादानं माझ्या ओळखीतल्या एका भाजीवालीची चार वर्षांची पिग्मी एका सोसायटीत अडकली, अजून निघालेली नाही.

फोनवरच्या पैशांबद्दल पोरं विचारतीलच. २०२५ च्या जुलैत राज्याच्या कर खात्यानं फोनवरची उलाढाल बघून छोट्या विक्रेत्यांना नोटिसा पाठवल्या. पुष्कळांनी घाबरून क्यूआर कोडच काढून टाकले, त्यातले काही साधे भाजी-दूधवाले होते. माल विकणाऱ्याला जीएसटीची नोंदणी वर्षाला चाळीस लाखांच्या पुढं लागते, आणि ताज्या भाजीवर तो करच नाही. तुमची पोरं तिथवर जायला वेळ आहे. पण घरचे, मित्राचे, भिशीचे पैसे धंद्याच्या खात्यात येऊ द्यायचे नाहीत. खातं वेगळं, वही वेगळी. पापड-लोणची-लाडू विकायचे झाले, तर अन्न सुरक्षेची छोटी नोंदणी आधी करून घ्यावी, ती फार खर्चाची नाही. शिवाय ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत फुकट शिकवतात, राहायची सोयही करतात. पाच बाजार करून गेलेला पोरगा तिथं प्रश्न विचारील. न केलेला प्रमाणपत्र घेऊन येईल.

सहा महिन्यांनी चौघांपैकी एक टिकेल, फार तर दोन. एकाला कळेल की आपल्याला बोलायला आवडत नाही, आपण मशीनवरच बरे. त्याला फेल म्हणू नका. जो टिकेल, त्याला वर्षानं गाळा हवासा वाटला, तर तेव्हा अनामतीचं बोलू. बहुतेक तो तोवर म्हणेल, गाळा कशाला, मला टेम्पो हवाय.

पुतण्याचं शेवटी ठेवलं, कारण तुम्हीही ते शेवटून दुसऱ्या परिच्छेदात लपवलंत. त्यानं साठ हजार बुडवले असं तुम्ही लिहिता. मी वहीवाली, म्हणून विचारते : त्यातली अनामत किती होती, परत मिळाली का? भाडं आठ महिन्यांचं किती? माल किती रुपयांचा विकला गेला? एकवीस वर्षांच्या पोराच्या हातात एकदम साठ हजार देऊन बसस्टँडजवळ बसवलं. त्याआधी त्यानं कुठं काटा धरला होता, कुणाचं दुकान झाडलं होतं? ही चूक एकट्या त्याची असती, तर तुम्ही या वेळी मला पत्र लिहिलं नसतं, सरळ चेक फाडला असता.

आज तुमच्या गावात गाळ्याचं भाडं, न खपणारा माल आणि बदलणारे मोबाईल या तिन्हींचा अनुभव असलेला एकच माणूस आहे, आणि तो गोव्याला भांडी घासतोय की टेबलं पुसतोय, तुम्हाला माहीत नाही. त्या चौघांना शिकवायला मी त्याच्यापेक्षा चांगला माणूस सुचवू शकत नाही. पण ‘ये, तुला माफ केलं’ असा फोन करू नका.

आधी माळ्यावरची ती दोन खोकी खाली काढा. कव्हरं जुन्या मॉडेलची असतील, ती कोणी घेणार नाही. चार्जरच्या वायरी, पाऊच, काचा पुसायची फडकी, इयरफोन, यातलं काय चालतंय ते त्या मुलीला बसवून वेगळं करा आणि यादी लिहा. मग त्याला फोन लावून एवढंच विचारा, की यातलं कुठलं खपत होतं आणि केवढ्याला.